टीम नाही, सपोर्ट गाडी नाही, एकटेच आहात? मग सायकलची रोड रेस अशी मारा

माझ्या पहिल्या रोड रेसमध्ये मी तब्बल पंधरा किलोमीटर सगळ्यात पुढे होतो. उसाच्या पट्ट्यातली ७० किलोमीटरची रेस, दोन्ही बाजूला शेतं, गावातली पोरं टाळ्या वाजवतायत, मोटारसायकलवरचा फोटोवाला माझ्याच आजूबाजूला घुटमळतोय, आणि मला वाटतंय की आज आपणच जिंकतोय, मागे बघतो तर पन्नासेक जणांची रांग गुपचूप माझ्या मागे लागलेली, कुणी पुढे येतच नाही. मग एक साधा फ्लायओव्हरचा चढ आला. साधा म्हणजे अगदीच साधा, चारशे मीटरचा. तिथे ते पन्नास जण असे काही बाजूने निघून गेले की मला त्यांची जर्सीसुद्धा नीट वाचता आली नाही. ४१वा आलो. नंतर एका पन्नाशीच्या काकांनी पाणी देता देता सांगितलं, "अरे आम्हाला वाटलं तुला बक्षीस नकोय, तू रिक्षा चालवायला, म्हणजे सगळ्यांना मागे घेऊन ओढायला आलायस."

हा लेख त्या रिक्षावाल्यासाठी आहे. म्हणजे नोकरी करणारा, पहाटे उठून सायकल मारणारा, क्लब-टीम नसलेला, आणि तरी एकदा नंबर लावून रेस खेळायचीय असा माणूस (किंवा बाई, बायकांच्या गटात तर स्पर्धक कमी असल्यामुळे एकटीने खेळणाऱ्या खूप असतात). सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकीचं त्यातूनच येतं. तुमची टीम नाही म्हणजे रेस चालवायची जबाबदारी तुमची नाही. पुढे गेलेल्याला पकडणं, स्पीड वर ठेवणं, वारा खाणं (म्हणजे पुढे राहून मागच्यांसाठी हवा कापणं), ही कामं ज्यांच्याकडे चार-पाच माणसं आहेत त्यांची. तुमच्या फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या, म्हणजे पायांतली ताकद, मोजून चार आहेत आणि दुसऱ्याच्या पंगतीत वाढायला गेलात की त्या संपल्या.

आधी हे बघा की ती रेसच आहे का

आपल्याकडे सायकलच्या सगळ्याच इव्हेंटला लोक रेस म्हणतात. बीआरएम (ठरावीक वेळेत लांब पल्ला पूर्ण करायची राइड) ही रेस नाही, तिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे असतात, पहिला आला काय आणि शेवटचा आला काय, नोंद सारखीच. पुणे ते गोवा डेक्कन क्लिफहँगर ही रेस आहे पण ती अल्ट्रा, म्हणजे अतिलांब पल्ल्याची, तिथे दुसऱ्याच्या मागे चिकटून चालवलेलं चालत नाही, वर तुमच्या मागे गाडी आणि क्रू हवा. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, एकट्या माणसासाठी सगळ्यात न्यायाची रेस तीच, कारण तिथे टीम असून नसून सारखी. आणि मास स्टार्ट रोड रेस म्हणजे सगळे एकदम सुटणार, शेवटच्या रेषेवर जो पहिला तो पहिला. मुंबई-पुणे सायकल रेस ही आपली अनेक दशकं जुनी मास स्टार्ट, जुन्या हायवेने येऊन खोपोलीनंतर बोरघाट चढायचा, आणि घाटात पहिला येणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळं बक्षीस. या लेखात आपण या प्रकाराबद्दल बोलतोय.

फॉर्म भरताना चार गोष्टी विचारून घ्या. गट कोणते आहेत (वयाचे, गिअरवाली-बिनगिअरवाली, कधीकधी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची जड सायकल, आणि रोड बाइक एकत्रच घालतात, मग हायब्रिडवाल्याचे हाल), रस्ता पूर्ण बंद असणार की ट्रॅफिक चालू, पाण्याची सोय कुठे, आणि रेस जिथून सुटते तिथेच संपते का. हा शेवटचा प्रश्न एकट्या माणसासाठी फार महत्त्वाचा आहे. एका गावातून निघून दुसऱ्या गावात संपणारी रेस असली तर तुमची बॅग, चप्पल, मोबाइल, गाडीची किल्ली हे सगळं सुरुवातीच्या ठिकाणी आणि तुम्ही ८० किलोमीटर लांब सायकलच्या बुटात. मी एकदा तसाच एसटी स्टँडवर टकटक करत फिरलोय, कंडक्टर भला माणूस होता म्हणून सायकल टपावर गेली. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेचा विचार असेल तर तो रस्ता जिल्हा आणि राज्य संघटनेच्या निवड चाचणीतून जातो, वर सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया, तिथे परस्पर जाऊन नाव देता येत नाही.

सायकलवर फार पैसे घालू नका

लोक पहिल्या रेसच्या आधी कार्बनची चाकं घेतात. नका घेऊ. यूसीआयच्या (सायकलिंगची जागतिक संघटना) नियमाने रेसच्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली नसावं, तुमची आमची साडेआठ-नऊ किलोची असते, त्या दोन किलोने सपाट रस्त्यावर काहीही बिघडत नाही. ज्यानं बिघडतं ते असं: घासलेले ब्रेक पॅड, ताणलेली चेन, कट पडलेला टायर, आणि हँडलच्या टोकाची निसटलेली बुचं. बुच नसेल तर अनेक ठिकाणी स्टार्टलाच थांबवतात आणि बरोबरच करतात, पडल्यावर ती उघडी नळी मांडीत घुसते. ट्रायथलॉनवाले लांब एरोबार (हात टेकून पुढे झुकायच्या दांड्या) मास स्टार्टला चालत नाहीत, काढून ठेवा.

टायर जमले तर २८ मिलिमीटरचे घाला, आपल्या रस्त्यांना तेच बरे. हवा ठासून १२० पीएसआय भरायची जुनी सवय सोडा, ७० किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७०-७५ पुरते, ग्रिप चांगली राहते आणि खडबडीत डांबरावर सायकल उड्या मारत नाही. घाट असेल तर मागे ३२ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या गिअरच्या चकत्या) हवी, अहंकार घरी ठेवा. आणि नवीन काहीच रेसच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका, नवीन सीट तर नाहीच नाही, कळेल का नाही म्हणतोय ते.

पंक्चर झालं तर? एकट्याची रेस तिथे बहुतेक संपली, हे मान्य करून टाका. तरी एक ट्यूब, टायर लिव्हर आणि छोटा पंप खिशात असू द्या, रेस नाही पण घर तरी गाठाल.

तयारी: बारा आठवडे, आठवड्याला आठ तास

नोकरीवाल्या माणसाला आठ तास मिळतात, दहा मिळाले तर चैन. त्यातले निम्म्याहून जास्त तास निवांत चालवा, म्हणजे बोलता येईल अशा दमाने. हे ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण बाजूने कुणी गेला की आपला पाय लगेच दाबला जातो. आठवड्यातून दोनच दिवस जोर लावायचा. पहिल्या सहा आठवड्यांत एक दिवस लांब इंटरव्हल (ठरावीक वेळ जोर, मग आराम, पुन्हा जोर), दहा-दहा मिनिटांचे तीन, अशा दमाने की शेवटच्या मिनिटाला 'आता बास' वाटेल पण मोडणार नाही. पुण्याच्या लोकांना सिंहगड, बोपदेव, कात्रज आहेत, ठाण्यात येऊर, नवी मुंबईत खारघरची टेकडी, वाईच्या लोकांना पसरणी घाट, नाशिककर कसाऱ्याकडे जातात. घाट नसेल तर उलट्या वाऱ्याचा सरळ रस्ता, तोही घाटच. पावसाळ्यात घाटात शेवाळं धरतं, तेव्हा उतार जपून नाहीतर घरात ट्रेनर, म्हणजे जागेवर सायकल मारायचं स्टँड.

पुढच्या पाच आठवड्यांत इंटरव्हल आखूड आणि कडक. तीस सेकंद जीव तोडून, तीस सेकंद हळू, असे दहा, मग पाच मिनिटं आराम, पुन्हा दहा. हे का, तर रोड रेस ही एकसारख्या दमाची नसते. सरासरी बघाल तर कमी दिसते पण मध्येच वळण आलं, स्पीडब्रेकर आला, कुणी उडी मारली (म्हणजे एकदम वेग घेऊन पळाला) की वीस-तीस सेकंद फुल जोर, मग पुन्हा शांत, आणि असं पन्नास-साठ वेळा. जे नुसते एकसारखे लांब पल्ले मारतात ते बीआरएमला भारी असतात आणि रेसमध्ये तिसऱ्या झटक्याला सुटतात (सुटणे म्हणजे घोळक्यातून मागे पडणे, हा शब्द तुम्हाला पहिल्या वर्षी फार ऐकू येईल). बाराव्या, शेवटच्या आठवड्यात तास निम्मे करा, जोराचे छोटे झटके मात्र ठेवा.

पॉवर मीटर (पायाची ताकद वॅटमध्ये मोजणारं यंत्र) असेल तर वीस मिनिटं जीव तोडून टेस्ट करा, सरासरीचे ९५ टक्के म्हणजे तुमचं एफटीपी, साधारण तासभर टिकेल एवढी ताकद. नसेल तर काही अडत नाही, छाती आणि पाय दोघं मिळून खरं सांगतात.

पण सगळ्यात महत्त्वाची तयारी वॅटची नाहीच. रविवारच्या ग्रुप राइडमध्ये जाऊन लोकांच्या मागे चालवायला शिका. पुढच्याच्या चाकापासून तुमचं चाक हातभर अंतरावर, तासाभर, घामाघूम असताना. नजर चाकावर नाही, पुढच्याच्या कमरेवर, खांद्यावर आणि त्याच्या पलीकडे. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी घालू नका, तो जरा हलला की तुम्ही पडता, तो नाही. कोपर सैल. ब्रेक दाबायचा नाही, नुसता चाटवायचा, किंवा अर्धी फूट बाजूला होऊन थोडा वारा अंगावर घ्यायचा, वेग आपोआप उतरतो. हे येत नसेल तर कृपया रेसला येऊ नका, खरंच सांगतो, तुमच्यासाठी नाही तर तुमच्या मागच्या वीस जणांसाठी.

वाऱ्याचा हिशोब

हे कळलं तर पुढचं सगळं डावपेच कळतं. सपाट रस्त्यावर तुमची ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. ताशी ३० वरून ४० वर जायचं तर वेग दीडपटसुद्धा वाढत नाही पण हवेला लागणारी पॉवर सव्वादोन पटीच्याही पुढे जाते. ७० किलोचा माणूस एकट्याने ४० ने चालवायला ३०० वॅटच्या आसपास लावतो, तोच घोळक्याच्या मध्ये बसला तर २०० च्या आसपास भागतं. ३०० वॅट तुम्ही पंचवीस मिनिटं लावाल, २०० दोन-तीन तास. म्हणून माझ्यामागचे पन्नास जण गप्प होते!

घाटात मात्र हिशोब बदलतो. सहा टक्क्यांच्या चढावर ताशी १५ ने जायला त्याच माणसाला २२० वॅट लागतात, त्यातला हवेचा वाटा अगदी थोडा, बाकी सगळं वजन वर उचलण्यात. म्हणजे चढावर कुणाच्या मागे बसून फारसा फायदा नाही, तिथे ज्याचं त्याला. टीमचा उपयोग सपाटीवर आणि वाऱ्यात, चढावर सगळे एकटे. एकट्या माणसाने रेस निवडताना हे लक्षात ठेवावं, मी तरी आता शेवटी चढ असलेल्या रेसच शोधतो.

खाणंपिणं

आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी, दही. मटण नको, चवळी-छोले नको. पहाटे साडेसहाची रेस असेल तर साडेतीनला उठून पोहे किंवा उपमा किंवा गूळ लावलेली पोळी, तेल कमी, दाणे कमी. मिसळ रेस झाल्यावर, ती कुठे पळून जात नाही.

रेसमध्ये तासाला ६० ग्रॅम कार्ब पोटात गेले पाहिजेत, पोटाला सवय केली तर ९० पर्यंत. महागडी एनर्जी जेल घ्यायचीच असं नाही. साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज अर्धं फ्रुक्टोज, आतड्यात दोन्हींचे रस्ते वेगळे म्हणून दोन्ही एकदम शोषलं जातं, त्यामुळे ७५० मिलीच्या बाटलीत पाच सपाट टेबलस्पून साखर, पाव चमचा मीठ आणि अर्धं लिंबू, झालं तुमचं रेस ड्रिंक. चव थोडी लग्नातल्या सरबतासारखी लागते पण चालतं. सोबत राजगिऱ्याचा लाडू (चुरा होतो, आधीच तुकडे करून पिशवीत), चिक्की, केळं. खाणं पहिल्या वीस मिनिटांपासून सुरू करायचं, भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो.

एकट्याची खरी अडचण बाटली. टीमवाल्यांना गाडीतून मिळते, तुम्हाला कोण देणार? दोन फ्रेमवर, एक जर्सीच्या मागच्या खिशात, एवढ्यात अडीच तास निघतात. त्यापेक्षा लांब रेस असेल आणि नियमात बसत असेल तर भाऊ, बायको, मित्र कुणालातरी चढाच्या मध्यावर उभं करा, सपाटीवर नाही कारण तिथे तुम्ही ४० ने येणार आणि बाटली हातातून उडणार. त्यांना दोन दिवस आधी शिकवा: बाटली वरून दोन बोटांत धरायची, हात लांब, स्वतः जागचं हलायचं नाही, माझा हात लागला की सोडायची. माझ्या मेव्हण्याने पहिल्या वेळी बाटली घट्ट धरून ठेवली, सोडलीच नाही. आम्ही दोघंही पडता पडता वाचलो आणि तो वर मलाच म्हणाला, "दादा, थांबून घ्यायची ना!"

आदल्या दिवशी रस्ता बघा

कारने बघितला तरी चालेल, निदान शेवटचे दहा किलोमीटर सायकलने. काय बघायचं: स्पीडब्रेकर (पांढरे पट्टे नसलेले खास करून), रंबलर पट्ट्या, रेल्वे फाटक, काटकोनी वळणं, वळणावरची खडी, आणि ऊस पट्ट्यात गाळप हंगाम चालू असेल तर रस्त्यावर सांडलेली उसाची टिपरं आणि डबल ट्रॉलीवाले ट्रॅक्टर. मोकळ्या माळावर वारा कुठल्या बाजूने येतो तेही बघा, पहाटे शांत असतो पण साडेआठनंतर उठतो आणि तुमची रेस नेमकी तेव्हा निकाली लागत असते.

शेवटचा किलोमीटर तर तोंडपाठ हवा. फिनिशपासून मागे २०० मीटरवर काय आहे, एखादं देऊळ, पेट्रोल पंप, बोर्ड, खूण ठरवून घ्या, कारण त्या क्षणी डोळ्यांपुढे काजवे असतात आणि मीटर बघायला कुणाला वेळ नसतो.

सुटल्यापासून पहिला अर्धा तास

स्टार्टला लवकर जाऊन पुढच्या रांगांत उभे राहा. शंभर जणांच्या रेसमध्ये मागे उभं राहिलात तर पहिल्या वळणालाच तुम्ही आणि पुढचे यांच्यात पाचशे मीटर पडू शकतात, कारण वळणावर पुढचे हळू होतात, मागचे थांबतात, आणि बाहेर पडताना पुढचे आधी पळतात. याला रबरासारखा ताण म्हणा, शेवटचा माणूस प्रत्येक वळणाला स्प्रिंट मारतो आणि पहिल्या दहातला नुसता पेडल फिरवतो. म्हणून तुमची जागा दहावा ते विसावा. पहिला नको, पन्नासावा तर अजिबात नको.

ही जागा एकदा मिळाली म्हणून टिकत नाही. बाजूने लोक येत राहतात आणि तुम्ही काही न करता मागे ढकलले जाता, त्यामुळे सतत थोडं थोडं पुढे सरकावं लागतं. सरकायचं कधी, तर घोळका हळू झाला की, हलका चढ आला की, किंवा कुणी बाजूने पुढे चाललाय त्याच्या मागे लागून. वाऱ्यात एकट्याने बाहेर पडून पुढे जायचं म्हणजे एक भाकरी उगाच गेली. बाजूने वारा असेल तर रांग तिरकी होते, वारा डावीकडून असेल तर आडोसा उजव्या मागच्या बाजूला मिळतो, आणि रस्ता अरुंद असल्यामुळे पंधरा-वीस जणच त्यात बसतात, बाकीचे कडेला एका ओळीत मरतात. माळरान यायच्या आधी पुढे असायलाच हवं.

तोंड चालू ठेवा, "खड्डा!", "गाडी, उजवीकडे!" ओरडा, सगळे एकमेकांना नवखे असतात.

खरी रेस: कुणाच्या मागे जायचं, कुणाच्या नाही

पहिल्या अर्ध्या तासात जर्सी मोजा. कुठल्या रंगाचे चार-पाच जण आहेत? समजा लाल पाच, निळे चार, बाकी सगळे तुमच्यासारखे सुटे. आता कुणीतरी पळालं तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, पुढे कोण गेलं?

फक्त सुटे दोघं गेले, तर बसून राहा, लाल-निळे बघून घेतील. फक्त लाल गेला, तर निळ्यांचं काम लागलं, निळ्यांच्या मागे बसा. लाल आणि निळा दोघं एकत्र गेले, आणि सोबत अजून एक-दोन, तर मंडळी, हीच गाडी, हीच पकडायची, यासाठीच भाकरी बांधून आणली होती. कारण मागे उरलेले लाल-निळे आता पाठलाग करणार नाहीत, उलट पुढे येऊन मुद्दाम हळू चालवतील, आणि मागच्या सुट्यांत कुणी एकाने ओढायला सुरुवात केली तर बाकीचे त्याला रिक्षावाला करतील. ही गाडी सुटली तर समजा, दुसऱ्या-तिसऱ्या घोळक्याची स्प्रिंट उरली. आणि हे ठरवायला तुमच्याकडे पाच सेकंद असतात, दहावे-विसावे असाल तर दिसतं, चाळिसावे असाल तर नंतर कुणीतरी सांगतं.

अजून एक वेळ एकट्याला फार फायद्याची. पळालेल्यांना नुकतं पकडलंय, सगळे धापा टाकतायत, घोळका पसरलाय, कुणालाच लगेच पुन्हा जोर लावायचा नाही. तेव्हा उडी मारा. बहुतेक लोक उलटं करतात, सगळे ताजे असताना पळतात आणि पकडले गेले की हताश होतात.

पुढच्या चार-पाच जणांत पोचलात की तिथले नियम वेगळे. पाळीपाळीने पुढे यायचं, वीस-तीस सेकंद ओढायचं, बाजूला व्हायचं. पाळी चुकवू नका, चिकटून नुसते बसलात तर बाकीचे थांबतात, शिव्या घालतात, आणि सगळेच पकडले जातात. पण सगळ्यात जास्त वेळ ओढणारेही होऊ नका, पाळीला आल्यावर वेग वाढवू नका, आहे तोच ठेवा. चेहरा पडका ठेवायला हरकत नाही, मी जरा जास्तच ठेवतो, बायको म्हणते वेगळं काही करायला नको, मुळातच तसा आहे.

आता एक उदाहरण सांगतो जे मी प्रत्येक नवख्याला सांगतो. टोकियो ऑलिंपिक, २५ जुलै २०२१, बायकांची रोड रेस, १३७ किलोमीटर. ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर, गणितात पीएचडी, प्रोफेशनल टीमचा करार नाही, आणि तिच्या देशाची त्या रेसमधली ती एकटीच. समोर नेदरलँड्सच्या चौघी, चौघीही जगातल्या मोठ्या नावांच्या. ही सुरुवातीलाच पळाली, सोबत अजून चौघी आल्या, घोळक्याने सोडून दिलं, कारण यातली कुणी धोक्याची नाही असंच सगळ्यांना वाटलं. हळूहळू सोबतच्या मागे पडल्या आणि शेवटचे ४० किलोमीटर ती एकटी. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, पुढे अजून कोण आहे याचा मागच्या घोळक्याचा हिशोब चुकला, आणि डच ॲनेमीक फान फ्लूटन सव्वा मिनिटाने दुसरी येऊन हात वर करून नाचली, तिला वाटलं आपणच जिंकलो. कीझेनहोफरकडे टीम नव्हती, पण तिला कुणी मोजलं नाही हेच तिचं भांडवल. तुम्हालाही कुणी मोजत नाही. निदान पहिली दोन वर्षं.

घाट

पायथ्याला पहिल्या पाचात या, मग वर जाताना थोडे थोडे मागे सरका. पहिल्याच्या जागी सुरू करून विसाव्या जागी माथ्यावर पोचलात तरी घोळक्यातच असता, विसाव्या जागी सुरू केलं तर माथ्यावर एकटे. पहिल्या किलोमीटरला लोक वेड्यासारखे पळतात, पळू द्या, आपला दम आपल्याला माहीत असतो. सुटत असाल तर स्वतःच्या वेगाने चढा, वर थोडं सपाट आलं की जो सोबत असेल त्याला घेऊन पाळ्या लावा, भांडू नका, दोघं मिळून पुन्हा जोडले जाता. माथ्यावर पोचल्यावर श्वास घ्यायचा मोह होतो आणि नेमकं तिथेच, शेवटच्या पन्नास मीटरनंतर, घोळका वेग घेतो, त्यामुळे माथा ओलांडूनही दहा-पंधरा सेकंद जोर कायम.

उतारावर हात खालच्या हँडलवर, ब्रेक वळणाच्या आधी, वळणाच्या बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन. फ्रेमच्या आडव्या नळीवर बसून उतरणं यूसीआयने १ एप्रिल २०२१ पासून बंद केलंय, आणि आपल्या घाटात तर समोरून वडापवाला येऊ शकतो, तेव्हा नियम नसता तरी नको.

शेवटचे पाच किलोमीटर

आता स्वतःशी खरं बोला. तुमची स्प्रिंट चांगली आहे का? ग्रुप राइडमध्ये बोर्डापर्यंतच्या शर्यती तुम्ही जिंकता का? नसाल जिंकत तर दोनशे मीटरपर्यंत थांबून काहीच मिळणार नाही, शेवटच्या दीड-दोन किलोमीटरला, जेव्हा सगळे एकमेकांकडे बघत हळू होतात, तेव्हा मागून वेग घेऊन बाजूने निघा आणि मागे बघू नका. दहातून आठ वेळा पकडले जाल. उरलेल्या दोन वेळांसाठी करायचं. टीमवाले इथे अडकतात, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्या टीमने पकडावं.

स्प्रिंट असेल तर तिसऱ्या ते पाचव्या जागी बसा, शक्यतो ज्याच्या टीमचा माणूस त्याला ओढतोय त्याच्या मागे, फुकटची गाडी. समोरून वारा असेल तर उशिरा, दीडशे मीटरला बाहेर पडा, मागून वारा असेल तर अडीचशेला. गिअर आधीच बदलून ठेवा, उठल्यावर बदलायला गेलात की चेन कुरकुरते. आणि आपली रेघ सोडू नका, वाकडं जाऊन दुसऱ्याला अडवलंत तर बाद करतात, करायलाच पाहिजे. रेषेनंतरही पन्नास मीटर पेडल चालू ठेवा, लगेच ब्रेक मारला की मागून येणारे अंगावर.

पहिल्या रेसचं टार्गेट घोळक्यासोबत शेवटपर्यंत राहणं, एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या रेसमध्ये एकदा तरी पुढच्या पाच जणांत जायचा प्रयत्न, जमो न जमो. घरी आल्यावर झोपायच्या आधी वहीत लिहून ठेवा: कुठे भाकरी गेली, कोण पळालं तेव्हा मी कितवा होतो, बाटली कधी संपली. माझ्या वहीत पहिल्या रेसच्या पानावर एकच ओळ आहे, "१५ किमी पुढे. का?" आणि त्याच्याखाली मेव्हण्याच्या अक्षरात, नंतर कधीतरी लिहिलेलं, "फोटो चांगला आला".